वाचकांचे प्रश्न : ज्वालामुखीच्या माथ्यावरचे ईल

गेल्या अंकातील समुद्रतळाविषयीच्या टिपणात, प्रशांत महासागरातील एका बुडालेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर ईल माशांची दाट वस्ती आढळल्याचा उल्लेख एका वाक्यात आला होता. ते वाक्य मी अधिक विस्ताराने लिहायला हवे होते, हे सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांवरून ध्यानात आले. ज्या जिल्ह्यातील माणसाला समुद्र पाहायचा तर आधी घाट उतरावा लागतो, तेथून समुद्राच्या तळाबद्दल इतकी नेमकी विचारणा व्हावी याचा मला आनंद वाटला. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : नववीच्या वर्गात मी तुमचे ते वाक्य वाचून दाखवले. ज्वालामुखीच्या तोंडाशी मासे राहतातच कसे, ते शिजून कसे जात नाहीत आणि तेथे ते खातात तरी काय, असे मुलांनी विचारले. उष्ण झऱ्यांभोवतीच्या जिवाणूंवर ते जगत असावेत, असे उत्तर मी दिले. ते बरोबर होते का?
— एक विज्ञान शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : बाई, तुमचे उत्तर चुकले, परंतु ते ज्या कारणाने चुकले त्या कारणातच या माशाच्या निवासाचे मर्म असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी जागा पाहू. अमेरिकन सामोआच्या ताऊ आणि रोझ या बेटांच्या दरम्यान वैलुलुऊ नावाचा समुद्री पर्वत आहे. त्याचा पायथा सुमारे ४,८०० मीटर खोलीवर आणि माथा पृष्ठभागाखाली सुमारे ५९० मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईची उंची अडीच वेळा एकावर एक रचली तरच त्याची बरोबरी होईल, आणि तरीही वरून जाणाऱ्या जहाजाला त्याचा मागमूस लागणार नाही. हा पर्वत १९७५ साली प्रथम लक्षात आला, १९९९ साली त्याचा नीट नकाशा तयार झाला आणि त्याचे नाव सामोआतील शाळकरी मुलांनी सुचवले, हे तुमच्या वर्गाला जरूर सांगावे. त्याच्या माथ्यावर सुमारे दोन किलोमीटर रुंदीचे विवर असून त्याचा तळ १,००० मीटर खोलीवर आहे. २००५ साली ‘पायसीस-५’ या पाणबुडीतून संशोधक त्या विवरात उतरले, तेव्हा आधीच्या नकाशात नसलेला ३०० मीटर उंचीचा नवा शंकू तेथे उभा होता. चार वर्षांहून कमी काळात तो विवराच्या तळातून वर आला होता. सामोअन परंपरेतील युद्धदेवतेवरून त्याला नाफानुआ हे नाव देण्यात आले. त्याचा माथा सुमारे ७०८ मीटर खोलीवर आहे, आणि तेथेच, खडकांच्या फटींतून डोकी बाहेर काढलेले शेकडो ईल पाणबुडीच्या दिव्यांच्या झोतात दिसले. संशोधकांनी त्या जागेला ‘ईलनगर’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झाले.

ही जात डायसोमिना रुगोसा होय. १९५१ साली आयझॅक गिन्सबर्ग यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिची लांबी साधारण फूटभर असते, अंगावर खवले नसतात, पोटाजवळचे पर नसतात आणि डोळा लहान असतो. प्रजातीच्या नावातील ग्रीक मुळाचा अर्थही ‘मंद डोळ्याची’ असाच काहीसा आहे, तर ‘रुगोसा’ म्हणजे लॅटिनमध्ये सुरकुतलेली. गिन्सबर्ग यांच्यापुढे असलेले नमुने पश्चिम अटलांटिकमधील होते, आणि अटलांटिकच्या त्या तळावर ज्वालामुखीचा काही संबंध नव्हता. ही नोंद किरकोळ भासते, पण आपल्या प्रश्नाचा निम्मा निकाल येथेच लागतो, कारण ज्या माशाला ज्वालामुखीवाचून जगता येते त्याचे अन्न ज्वालामुखीतूनच निघत असेल असे मानायला आधार उरत नाही.

शिजण्याचा प्रश्न तसा सोपा आहे. ‘ज्वालामुखी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धगधगता लाव्हा येतो. परंतु नाफानुआच्या माथ्यावरचे झरे मंद तापमानाचे आहेत. त्या खोलीवरचे पाणी मुळात थंडगार असल्याने झऱ्यातून पाझरणारे किंचित कोमट पाणी आजूबाजूच्या समुद्रात लगेच विरून जाते. त्या पाण्यातील लोह मात्र समुद्रातील प्राणवायूशी संयोग पावून गंजासारखे खाली बसते आणि त्याचे पिवळट-तांबूस, कापसासारखे थर साचतात. काही ठिकाणी त्यांची जाडी एक मीटरपर्यंत भरली. या थरांत सूक्ष्मजीव विपुल असतात, आणि खोल समुद्रातील इतर काही उष्ण झऱ्यांवर नळीकृमी व शिंपले अशाच रसायनजीवी जिवाणूंच्या आधाराने जगतात. तुम्ही मुलांना उत्तर देताना हेच उदाहरण तुमच्या मनात असणार. तेथे ते खरे आहे, येथे नाही.

नाफानुआवरचे ईल मधल्या पाण्यात तरंगणारी कोळंबी खातात. आपल्या आठवडी बाजारात सुकट आणि जवळा म्हणून जे मिळते, त्याच्या दूरच्या नात्यातले हे बारीक कवचधारी जीव तळावर राहत नाहीत. त्यांच्यातील अनेक जाती रात्री अन्नासाठी पृष्ठभागाकडे चढतात आणि पहाट होताच अंधारात परततात. आता ही कोळंबी नेमकी याच माथ्यावर इतकी का सापडते, याचे संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण असे की, समुद्राचा प्रवाह उंच पर्वताला अडला की त्याच्या माथ्याभोवती पाणी गोल फिरू लागते (दक्षिण गोलार्धात ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते), आणि या भोवऱ्यात सापडलेले तरंगते जीव दूर वाहून न जाता माथ्यावर आणि विवराच्या कडेवर गोळा होतात. मूळ निबंधात या वाक्यापाशी ‘बहुधा’ हा शब्द आहे. तो वर्गात सांगताना गाळू नये, कारण मासा कोळंबी खातो ही नोंद आहे आणि ती कोळंबी भोवऱ्यामुळे जमते हे अनुमान आहे.

पावसाळ्यात हिप्परग्याच्या तलावाचा सांडवा वाहू लागला की त्याच्या खालच्या बाजूला बगळ्यांची रांग उभी राहते, हे मुलांनी पाहिले असेल. बगळे सांडव्याचा दगड खात नाहीत, की त्याच्या गारव्यासाठीही तेथे येत नाहीत. वाहत्या पाण्याबरोबर मासोळी आपसूक पायांशी येते म्हणून ते तेथे उभे असतात. नाफानुआचा ईल हा असा बगळा आहे. ज्वालामुखीने त्याला दोनच गोष्टी दिल्या: प्रवाहाच्या वाटेत उंचावलेला ओटा आणि त्या ओट्यावर दडायला फुटक्या लाव्हाच्या असंख्य कपारी. अन्नाचा पुरवठा समुद्राकडून होतो.

हे अनुमान मला पटते याला आणखी एक कारण आहे. २०१८ साली हवाई विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रशांत महासागराच्या क्लॅरिअन-क्लिपर्टन क्षेत्रातील एका समुद्री पर्वताच्या माथ्यावर, सुमारे ३,००० मीटर खोलीवर, बांगड्याच्या कुळातील माशाचे जेमतेम किलोभर आमिष लावून कॅमेरा सोडला होता. त्या आमिषावर एकाच वेळी ११५ ईल मोजले गेले. ते याच कुळातील दुसऱ्या जातीचे होते आणि तेथे उष्ण झऱ्यांचा प्रश्नच नव्हता. जेथे घास मिळतो तेथे या कुळातील मासे गर्दी करतात, मग खाली आग असो वा नसो.

याच विवराची दुसरी बाजू मात्र तुमच्या मुलांच्या भीतीला खरी ठरवते. शंकू आणि विवराची भिंत यांच्यामध्ये किल्ल्याच्या खंदकासारखा खोलगट पट्टा आहे. त्याच्या उत्तर भागात, ९४५ मीटर खोलीवर, ८१ अंश सेल्सिअस तापमानाचे झरे सापडले. त्यांच्या पाण्याचा सामू २.७ होता, म्हणजे ते लिंबाच्या रसाइतके आंबट होते, आणि त्यातून बहुधा द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचे थेंब वर येत होते. तेवढ्या दाबाखाली आणि थंडीत हा वायू द्रवरूपात राहू शकतो. त्या खंदकाच्या तळावर मासे आणि इतर प्राण्यांची कलेवरे विखुरलेली होती. भोवऱ्याने वर गोळा केलेले जीव विवरात उतरले आणि विषारी पाण्यात सापडले, असे संशोधकांचे मत आहे. तेथे जिवंत होते ते फक्त आम्लाला दाद न देणारे काही खवलेदार कृमी; कुजणाऱ्या माशांवर वाढलेल्या जिवाणूंवर ते चरत असावेत.

म्हणजे जो भोवरा माथ्यावरच्या ईलला जेवण आणून देतो, तोच दोन-अडीचशे मीटर खाली इतरांना मरणाच्या दारात नेतो. ईलची वस्ती माथ्यावर आहे, खंदकात नाही. ‘ज्वालामुखीत राहणारा मासा’ असे त्याचे वर्णन मीही गेल्या अंकात सैलपणे केले होते. ‘ज्वालामुखीच्या माथ्यावर, त्याच्या विषापासून थोडा वर राहणारा मासा’ असे ते लिहायला हवे होते.

प्रश्न : आमच्याकडे उजनीच्या जलाशयात वाम सापडतो. काही जुनी माणसे अहीर नावाच्या वेगळ्याच माशाविषयी सांगतात. तुमचा ईल म्हणजे यांपैकी कोणता? शहरातले लोक वामलाच ईल म्हणून मोकळे होतात.
— एक मच्छीमार, करमाळा तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील जुनी माणसे अचूक बोलतात, आणि शहरातील लोकांची चूक क्षम्य असली तरी ती चूकच आहे.

गोड्या पाण्यातील वाम सापासारखा लांबट दिसतो म्हणून त्याला ईल म्हटले जाते, पण तो खरा ईल नाही. त्याच्या पाठीवरून उलट हात फिरवला की एका ओळीत बसलेले तीस-चाळीस काटे लागतात, हे आपल्याला सांगायला नको. जाळ्यातून वाम सोडवताना हाताला ते किती वेळा लागले असतील याची मोजदाद आपणच करू शकाल. खऱ्या ईलच्या पाठीवर असे काटे कधीच नसतात. त्याचा पाठीवरचा मऊ पर शेपटीला वळसा घालून पोटाखालच्या परापर्यंत सलग जातो. दुसरी खूण जन्माची आहे. खऱ्या ईलचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा ते मुळी ईलसारखे दिसतच नाही, तर पिंपळाच्या जाळीदार पानासारखे चपटे आणि काचेसारखे पारदर्शक असते, आणि याच रूपात ते अनेक महिने समुद्रात वाहत राहते. ते इतके वेगळे दिसते की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शास्त्रज्ञ त्याला निराळा मासा समजत होते. वामच्या पिल्लाला अशी अवस्था नसते. घोटाळा वाढवायला कोकणात समुद्रातील एका मोठ्या माशालाही वामच म्हणतात, आणि तो मात्र खरा ईल आहे. एकाच नावाखाली दोन परकी कुळे नांदत असल्याने वाद होणे साहजिक आहे.

अहीर हा खरा ईल आहे. तो वाढतो नदीत, परंतु अंडी घालण्यासाठी त्याला समुद्रातच जावे लागते, आणि त्याच्या पिल्लांना समुद्रातून नदीच्या मुखाशी येऊन प्रवाहाविरुद्ध वर चढावे लागते. आता भीमेच्या वाटेचा विचार करा. उजनीपासून निघालेले पाणी पंढरपूर, मंगळवेढा करीत कर्नाटकात जाते, रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते आणि पुढे जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा ओलांडून बंगालच्या उपसागराला पोचते. बोटभर लांबीच्या पिल्लाने यातील एकेक भिंत चढून यायचे म्हटले, तर जुन्या माणसांच्या आठवणीतला अहीर आज आपल्या जाळ्यात का येत नाही याचा अंदाज बांधता येतो. त्यात उजनीची स्वतःची भिंत १९८० च्या सुमारास पूर्ण झाली. ती आठवण सांगणारी माणसे त्याआधीची असतील, असा माझा तर्क आहे. आपण त्यांना वय विचारून मला कळवले तर आभारी राहीन.

नाफानुआचा ईल अहीरचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल. दोघांचा गण एक, कुळे वेगळी. वामशी मात्र त्याचे नाते दिसण्यापुरतेच आहे.

प्रश्न : इतक्या खोलीवर पाण्याच्या दाबाने मासा चिरडला कसा जात नाही? आणि त्याला वर आणले तर काय होईल?
— अकरावी विज्ञान शाखेचा विद्यार्थी, बार्शी

उत्तर : समुद्रात दर दहा मीटर खाली गेले की साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. या हिशोबाने नाफानुआच्या माथ्यावर सुमारे ७१ वातावरणांइतका दाब असतो, म्हणजे नखाएवढ्या जागेवर साधारण ७० किलो वजन. पण दाबाने चिरडण्यासाठी आत पोकळी असावी लागते. रिकामी बाटली चिरडते. पाण्याने काठोकाठ भरलेली बाटली चिरडत नाही, कारण पाणी जवळजवळ दबत नाही आणि आतून बाहेरचा दाब तितकाच राहतो. माशाचे शरीर हे बहुतांशी पाणीच आहे. आपण बुडी मारतो तेव्हा कानात आणि छातीत कळ येते ती तेथे हवा असते म्हणून.

एवढ्यावर प्रश्न सुटला असे मात्र नाही, आणि अनेक पुस्तके येथेच थांबतात ही माझी तक्रार आहे. चिरडण्यापेक्षा सूक्ष्म अडचण पेशींच्या आत असते. प्रथिनांच्या रेणूंना काम करताना आपला आकार बदलावा लागतो, आणि मोठ्या दाबाखाली त्या आकारांची घडी बिघडू लागते. त्यावर उपाय म्हणून समुद्री मासे आपल्या पेशींत ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे संयुग साठवतात. ते प्रथिनांची घडी सावरून धरते, आणि मासा जितका खोलवरचा तितके त्याचे प्रमाण जास्त आढळते. मासा मेल्यावर जिवाणू याच संयुगाचे विघटन करतात आणि त्यातून ट्रायमिथिलअमाइन तयार होते. बर्फाच्या पेटीतून सोलापूरपर्यंत आलेल्या समुद्री माशाला जो वास येतो, त्यात मोठा वाटा याचा असतो. उजनीच्या ताज्या माशाला तो तसा येत नाही, याचे कारण तुम्हाला आता सांगता येईल.

वर आणलेल्या माशाचे काय होते, हे तो किती वेगाने येतो, त्याच्या शरीरात वायूची पिशवी आहे की नाही आणि वरचे पाणी किती उबदार आहे यावर ठरते. वायूची पिशवी असलेला मासा जाळ्यातून झपाट्याने वर आला तर दाब कमी होताच ती पिशवी फुगते आणि काही वेळा जठर तोंडातून बाहेर येते. पिशवी नसली तरी थंड पाण्याला सरावलेल्या माशाला उष्ण कटिबंधातील पृष्ठभागाचे कोमट पाणी सोसत नाही.

प्रश्न : हे मासे विजेचा झटका देतात का? माणसावर हल्ला करतात का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : झटका देणारा ‘इलेक्ट्रिक ईल’ दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत राहतो आणि नाव काहीही असले तरी तो ईल नाही, त्याचे जवळचे नाते शिंगाळ्यासारख्या मिशाळ माशांशी आहे. नाफानुआच्या ईलकडे वीज नाही, आणि ७०० मीटर खोलीवर माणूस पाणबुडीच्या जाड भिंतीआडच असतो. कुळाचा लौकिक मात्र अगदीच सोज्वळ नाही. १९९२ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पकडलेल्या एका मोठ्या माको जातीच्या शार्कचे हृदय उघडले असता, त्यात याच कुळातील आखूड तोंडाचे दोन ईल आढळले होते. ते बाहेरून पोखरत आत शिरले असावेत, असा निष्कर्ष काढण्यात आला.

प्रश्न : हे सगळे सामोआचे झाले. आपल्या देशाचा या माशांशी काही संबंध?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर

उत्तर : आहे, आणि दोन वाटांनी आहे.

पहिली वाट नावाची. डायसोमिना हे प्रजातीनाम गिन्सबर्ग यांनी डायसोमा या आधीच्या नावावरून घडवले, आणि डायसोमा हे नाव १८८९ साली आल्फ्रेड विल्यम अल्कॉक यांनी दिले होते. अल्कॉक हे ब्रिटिश अमदानीतील ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सागरी सर्वेक्षण जहाजावरचे शल्यचिकित्सक व निसर्गशास्त्रज्ञ. त्या जहाजाने बंगालच्या उपसागरात आणि भोवतालच्या समुद्रात खोलवर जाळी टाकून जे मासे वर काढले, त्यांच्या अभ्यासातून हे नाव आले. म्हणजे या गटाच्या शास्त्रीय बारशाचा पाळणा आपल्याच समुद्रात हलला होता. आज असे काम कोचीच्या सागरी सजीव संसाधन व परिसंस्था केंद्रामार्फत ‘सागर संपदा’ या जहाजावरून चालते, तर तीन माणसांना ६,००० मीटर खोलीपर्यंत नेऊ शकेल अशी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने विकसित केली आहे.

दुसरी वाट आपल्या पायाखालून जाते. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचे बुरूज, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठचे दगड, विहीर खणताना लागणारा काळा कातळ हे सगळे बेसाल्ट आहे; नाफानुआचा शंकूही बेसाल्टचाच. सामोआच्या बेटांखाली पृथ्वीच्या प्रावरणातून उष्ण द्रव्य वर येण्याची एक जागा आहे, आणि तीवरून तळाचे कवच सरकत गेल्याने बेटांची रांग तयार झाली. तिच्या पूर्व टोकाचा ताजा ज्वालामुखी म्हणजे वैलुलुऊ. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अशाच, पण कितीतरी प्रचंड उद्रेकांतून पसरला, आणि त्याचा उगम आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त जागेशी जोडला जातो. फरक इतकाच की आपल्याकडचा लाव्हा जमिनीवर पसरला, म्हणून त्याचे थर पायऱ्यांसारखे दिसतात. समुद्रात तोच लाव्हा थंड पाण्याला भिडताच उशांच्या ढिगासारखा गोळे होऊन थिजतो. त्या गोळ्यांमधल्या फटी म्हणजेच ईलची घरे.

प्रश्न : तो शंकू असाच वाढत राहिला तर या ईलचे काय होणार? त्यांचे नगर उठणार का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात, नाफानुआ याच वेगाने वाढला तर काही दशकांत समुद्राच्या पृष्ठभागापर्यंत पोचू शकेल, अशी शक्यता मांडली होती. ज्वालामुखी कोणत्याही वेगाशी बांधलेला नसतो. तो वर्षानुवर्षे निजतो, कधी चढतो, कधी आपल्याच भाराने ढासळतो. वैलुलुऊच्या परिसरात १९७३ आणि १९९५ साली भूकंपांच्या मालिका नोंदल्या गेल्या होत्या, यावरून त्याचा स्वभाव ओळखावा.

ही जात साधारण २६० ते ७७५ मीटर खोलीच्या पट्ट्यात आढळलेली आहे. माथा त्या पट्ट्याच्या वर गेला तर माथ्यावरची वस्ती मोडेल हे उघड आहे. पण शंकूच्या उतारावर आणि विवराच्या कडेवर योग्य खोलीच्या कपारी तेव्हाही असतील, फक्त भोवरा कोळंबी कोठे गोळा करतो त्यावर नवी वस्ती ठरेल. उद्रेकच झाला, तर कपारीत बसलेल्यांपैकी किती निसटतील हे आधी सांगता येत नाही.

तरीही त्यांची मला फार काळजी वाटत नाही, आणि त्याचे कारण तारखांमध्ये आहे. २००१ साली हा शंकू अस्तित्वात नव्हता. २००५ साली पाणबुडी तेथे पोचली तेव्हा त्याच्या माथ्यावर दाटीवाटीने ईल राहत होते. काही जण विवराच्या कडेवरून पोहत आले असतील, काही जण पानासारख्या पारदर्शक पिल्लांच्या रूपात प्रवाहाबरोबर वाहत येऊन तेथे थांबले असतील. कसेही आले असोत, खडक थंड होऊन जेमतेम चार वर्षे झाली नव्हती तोच त्यांनी तो व्यापला होता.